आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोन कवी

आपल्या शाळेत मराठी शिकलेल्या कुणालाही विचारा, बालकवींची 'औदुंबर' अजून तोंडपाठ असणार. बाईंची पद्धतच तशी होती, कविता आधी पाठ, अर्थ नंतर. त्यांचीच 'श्रावणमासी हर्ष मानसी' तर आख्खा वर्ग चालीवर म्हणायचा, शेजारच्या वर्गातले सर कधीकधी दारात येऊन उभे राहायचे, रागवायला नाही, ऐकायला.

'औदुंबर' मात्र बाईंनी चालीवर म्हणू दिली नाही. हळू वाचा म्हणाल्या. फक्त ८ ओळी. 'ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन' अशी सुरुवात, मग निळासावळा झरा, चार घरांचं गाव, पांढरी पायवाट, आणि ती पायवाट जाते कुठे तर काळ्या डोहाकडे. रंग बघत जा रे, एवढंच त्या म्हणाल्या. श्रावणात इतका आनंदणारा माणूस हेही लिहितो, हे तेव्हा कळलं आणि मी थोडी घाबरलेच.

मग बाईंनी सांगितलं की हा कवी आपल्या धरणगावचा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला, वय २७. भादली म्हणजे जळगाव-भुसावळच्या मधलं स्टेशन, आमच्यातली कितीतरी मुलं पुढे कॉलेजला त्याच लाईनवर अपडाऊन करायची. मी तर भादली आलं की अजूनही खिडकीबाहेर बघते.

दुसऱ्या कवयित्री बहिणाबाई चौधरी, त्यांचं वेगळंच. आसोद्याच्या, जन्म १८८०, अक्षरओळख नाही, शेतात आणि जात्यावर ओव्या रचल्या, मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यांनी आणि घरातल्यांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला पुस्तक आलं.

पण वर्गात जे झालं ते याहून मोठं होतं. आमच्यात अर्धी मुलं घरी बहिणाबाईंचीच लेवा बोली बोलणारी आणि शाळेत तोंड मिटून बसणारी, कारण बोललं की कुणीतरी हसायचं. बाईंनी 'खोप्यामधी खोपा' वाचायला मुद्दाम मागच्या बाकावरच्या एका मुलीला उभं केलं, म्हणाल्या तुझ्या आजीसारखं म्हण. 'देखा पिलासाठी तिनं झोका झाडाले टांगला' हे तिने असं म्हटलं की वर्ग एकदम शांत. पुस्तकी मराठी छान बोलणाऱ्या आम्हा मुलींना ती ओळ तशी म्हणताच येत नव्हती, आणि त्या दिवसापासून ती मुलगी प्रत्येक तासाला हात वर करायला लागली. मला विचाराल तर शाळेने या सगळ्या वर्षांत केलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

२०१८ पासून आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, अभिमान वाटतोच. शाळेच्या या महोत्सवी वर्षात सातवी-आठवीच्या मुलांना एक दिवस आसोद्याला आणि धरणगावला न्या, बसचा खर्च आमची बॅच करेल, तसं मुख्याध्यापकांना कळवलंय.