डार्करूम, सातवी रात्र: आजोबांचं धोतर

काल रात्री पहिल्यांदा मनासारखी प्रिंट निघाली. निगेटिव्ह तीच, आजोबा वाड्याच्या ओट्यावर बसलेले. हवं होतं एवढंच, की त्यांच्या धोतराच्या चुण्या दिसाव्यात आणि धोतर पांढरंशुभ्रही राहावं.

मागच्या दोन रात्री इथेच अडलो होतो. फायबर कागद (प्लास्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद), २ नंबरचा म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टचा फिल्टर, एन्लार्जरच्या भिंगाचं छिद्र एफ ८, उजेड १६ सेकंद. फिक्सरमधून (प्रतिमा पक्की करणारं रसायन) काढून दिव्याखाली धरली की प्रिंट सुरेख. धुऊन दोरीवर लावायचो आणि सकाळी बघावं तर धोतर मळकट. टायमर तपासला, डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं रसायन) नवा केला. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या ‘द प्रिंट’ या पुस्तकात याचं कारण दिलेलंच होतं, मी ते पान घाईत उलटून पुढे गेलो होतो: कागद वाळला की प्रिंट थोडी गडद होते. फायबरवर हे जास्तच जाणवतं. ॲडम्स टेस्ट प्रिंट मायक्रोवेव्हमध्ये वाळवून बघत. आमच्या मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम होतं, म्हणून मी हेअर ड्रायर घेतला.

काल कागदाची प्रत्येक चाचणी-पट्टी वाळवूनच पाहिली. शेवटी वेळ ८ टक्क्यांनी कमी केला, १४.७ सेकंद. ओल्या प्रिंटमध्ये चुण्या जवळजवळ नव्हत्याच, कागद वाया गेला असंच वाटलं. वाळत गेली तशा एकेक उमटत गेल्या! दाराची सावली मात्र वेळ कमी केल्यामुळे पातळ पडली होती. पुढच्या प्रिंटला पुठ्ठ्याच्या भोकातून तेवढ्याच भागावर ४ सेकंद जादा उजेड दिला आणि काळा रंग परत आला.

पुण्यात सध्या रात्रीही नळाला कोमट पाणी येतं. डेव्हलपर २० अंशांवर ठेवायला ट्रे परातीत ठेवून भोवती बर्फ टाकतो. प्रमाण १ भाग डेव्हलपर, ९ भाग पाणी; फायबरला पूर्ण २ मिनिटं. प्रिंट काळी पडतेय असं वाटलं तरी आधी बाहेर काढायची नाही.

एक गोष्ट नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी: पुस्तकातून उतरवलेल्या टिपा लाल शाईने लिहू नका. लाल सेफलाइटमध्ये (फोटोच्या कागदावर परिणाम न करणारा डार्करूमचा दिवा) ती अक्षरं दिसतच नाहीत. मी सगळ्या वेळा लालने लिहिल्या होत्या.

पुढच्या रात्री हीच निगेटिव्ह आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदावर काढून दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बघणार आहे. फायबरसाठी तुम्ही वेळ किती टक्के कमी करता? कागद कोणता, तेही लिहा.