लॅपटॉप म्हातारा होतो तो कुठनं

लॅपटॉप घेताना सगळे प्रोसेसर आणि रॅम बघत्यात, पण मशीन थकतंय ते बिजागरीत, बॅटरीत नाहीतर फॅनमध्ये, चिप बिचारी बऱ्याचदा शेवटपर्यंत ठणठणीत. परवा राजारामपुरीत रिपेरिंगवाल्याच्या टेबलावर माझा उघडला, तर बिजागरीचे स्क्रू बसतात ते पितळेचे बारके नट प्लास्टिक फोडून बाहेर आलेले, फॅनपुढच्या जाळीत धुळीचा थर गादीच्या कापसागत, आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर न्यायला लावतात तो लेप) वाळून कडक. "बोर्डाला काय झालं नाही ओ, हवाच खेळंना," म्हणाला. जाळी झाडली, पेस्ट बदलली, फॅनची घरघर गेली.

बॅटरीचं वेगळंच. आतल्या लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज दोन्ही सोसत नाही, म्हणून दिवसभर चार्जर लावूनच बसत असाल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा टाका, बऱ्याच मॉडेलात असते. टचपॅड वर उचलल्यागत दिसला तर बॅटरी फुगलीय समजा, वापर लगेच बंद, दाबून बसवायला जाऊ नका (असले बहाद्दर बघितलेत मी!). आणि नवा घेताना रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डालाच डाग देऊन चिकटवलेली आहे का तेवढं विचारा, तसली असली तर नंतर बहुधा वाढवता येत नाही आणि दुकानदार आपणहून कशाला सांगतोय.