बाबांना तानपुरा ऐकू यावा म्हणून

आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. शनिवारी रात्रीचा तो कार्यक्रम बाबा ऐंशीच्या दशकात कॅसेटवर टेप करून ठेवत. त्यातल्या चाळीसेक कॅसेट मी गेल्या वर्षी संगणकावर उतरवल्या आणि त्यांच्या फोनमध्ये घालून दिल्या. दोन दिवसांनी ते म्हणाले, "गाणं येतंय गं ऐकू, पण तानपुरा कुठे गेला?"

तानपुरा जागेवरच होता, मला स्वच्छ ऐकू येत होता. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. कानांच्या तपासणीच्या आलेखात २,००० हर्ट्झनंतर रेघ उतरत जाते, डाव्या कानाची जास्त. जवारीतून, म्हणजे तार घोडीवर घासते तिथून, जे सूर फुटतात, ज्यांच्यामुळे तानपुरा भरलेला वाटतो, त्यांतले पुष्कळसे नेमके त्याच पट्ट्यात असतात. श्रवणयंत्र बोलणं ऐकायला उत्तम आहे, पण गाणं त्यातून पत्र्यावर वाजल्यासारखं येतं, असं ते म्हणतात. म्हणून गाण्यापुरतं यंत्र काढून चांगल्या हेडफोनवर ऐकवायचं ठरवलं. आधी ऑडिओलॉजिस्टना विचारलं. "आवाज ताब्यात ठेवणार असाल तर हरकत नाही," असं ते म्हणाले, तेव्हाच मी पुढे गेले.

हेडफोन माझ्याकडे होता, सेनहायझरचा एचडी ६००. मागून उघडा असल्यामुळे कान कोंडल्यासारखे होत नाहीत. पण त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम. फोनला डोंगल, म्हणजे हेडफोन जोडायचा छोटा जोड, लावून ऐकलं तर आवाज पूर्ण वाढवूनही जुन्या रेकॉर्डिंगमधले आलाप लांबून आल्यासारखे. हिशोब सोपा आहे. ३०० ओहमला १ व्होल्ट दिला तर जेमतेम ३.३ मिलिवॉट पोचतात. २ व्होल्ट दिले की १३ च्या वर. व्होल्टेज दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. डोंगलकडे तेवढं व्होल्टेज नव्हतं.

म्हणून क्युडेलिक्स-५के घेतला. आगपेटीएवढी वस्तू. फाइलमधल्या आकड्यांचा विद्युत संकेत करणारा डॅक आणि हेडफोनला जोर देणारा अ‍ॅम्प, दोन्ही तिच्यातच. ब्लूटूथवर चालते, यूएसबीवरही. आणि यूएसबीने जोडलेली असतानाही तिचं अ‍ॅप ब्लूटूथवरून तिला हुकूम देऊ शकतं. माझा निर्णय या एका गोष्टीवर झाला, कारण बाबांच्या मांडीवरचा फोन न काढता मला माझ्या फोनवरून सेटिंग बदलून बघता येणार होतं.

पहिली संध्याकाळ केबलमध्ये गेली. दोन्ही बाजूंना सी टाइप असलेली घरातली केबल लावली. दिवा लागला, आवाज नाही. तासाभराने लक्षात आलं की ती केबल फक्त चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच. दुसरी लावली आणि लगेच चालू झालं. त्यात हे यंत्र फोनमधूनच स्वतःची ५०० एमएएचची बॅटरी भरायला लागलं. अ‍ॅपमध्ये यूएसबी चार्जिंग बंद करायची सोय आहे, ती वापरली.

मग आवाजाचा घोळ. इथे आवाज दोन ठिकाणी असतो, फोनचा आणि यंत्राचा. मी फोनचा तीस टक्क्यांवर ठेवून यंत्राचा चढवत गेले. आवाज आला, पण पातळ, आणि मागे खरखर. उलटं करायला हवं होतं. फोनचा पूर्ण ठेवायचा, म्हणजे संकेत भरघोस पोचतो, आणि कमी-जास्त यंत्रावर करायचं. हे करताना हेडफोन डोक्यावरून काढून ठेवा. चुकून दोन्ही पूर्ण राहिले तर कानावर काय आदळेल हे वेगळं सांगायला नको.

या यंत्राच्या साध्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातून १ किंवा २ व्होल्ट मिळतात, २.५ मिलिमीटरच्या 'बॅलन्स्ड' भोकातून ४ पर्यंत. मला अर्थातच ४ चा मोह झाला. वेगळी केबल महाग म्हणून बॅलन्स्डमधून साध्या पिनला जोडणारं अ‍ॅडॅप्टर मागवणार होते, तेवढ्यात ऑडिओ दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या काकांनी थांबवलं. बॅलन्स्डमध्ये डाव्या-उजव्या बाजूंची ऋण टोकं वेगवेगळी असतात. साध्या पिनमध्ये ती एकत्र येतात आणि अ‍ॅम्प शॉर्ट होऊन जळू शकतो. मी २ व्होल्टवर राहिले. आमच्या बैठकीच्या खोलीत तेवढे पुरून उरतात.

ब्लूटूथवर थोडाच वेळ घालवला. सोनीचा एलडॅक हा कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज आकसून पाठवायची पद्धत, २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइडमध्ये आहे; सेकंदाला ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट असे त्याचे तीन टप्पे. ९९० वर बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले की गाणं तुटायचं. ६६० वर कधीच तुटलं नाही. यूएसबी आणि ६६० यांत मला फरक ओळखता आला नाही, बाबांनाही नाही. फाइली ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असलेल्या, असताना अ‍ॅप ४८ दाखवत होतं, कारण फोन स्वतःच नमुने बदलत होता. तो टप्पा टाळणारा प्लेअर टाकल्यावर ४४.१ दिसू लागलं. मनाला बरं वाटलं, आवाजात फरक पडला असं मी म्हणणार नाही. ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात, आणि आमच्या कॅसेटवर त्याच्या खूप आधीच सगळं संपतं. मोठ्या आकड्यांच्या मागे लागू नका, विशेषतः ऐकणारा कान सत्तरीपुढचा असेल तर.

खरं काम झालं ते इक्वलायझरमध्ये, म्हणजे सुरांच्या एकेका पट्ट्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करायच्या सोयीत. आलेख समोर ठेवून मी ३,००० हर्ट्झच्या आसपास ८ डेसिबल वाढवले आणि गाणं लावलं. बाबांनी मिनिटभरात हेडफोन काढला. "कानात टाळ वाजतायत!" त्यांची चूक नव्हती. अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा मोठा झाला की तोच एकदम टोचतो. शिवाय एक पट्टा वाढवला की एकूण संकेत मर्यादेबाहेर जाऊन फाटतो, म्हणून जितकं वाढवाल तितकं प्री-गेनमध्ये, म्हणजे एकूण संकेताच्या पातळीत, आधी कमी करावं लागतं. ते मी विसरले होते. मग ४ डेसिबल वाढ, प्री-गेन उणे ४, आणि बॅलन्स किंचित डावीकडे. प्रत्येक बदलानंतर त्यांना तोच आलाप ऐकवत होते. तिसऱ्या रात्री डावीकडचं आणखी अर्ध्या डेसिबलने वाढवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि बोटांनी ठेका धरला, म्हणून मी तिथेच थांबले.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगते. बाबांचं ऐकणं रोज तासाभराचंच. तरी आवाजाची खूण ठरवून दिली आहे: शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं अस्पष्ट का होईना, कळलं पाहिजे. उघड्या हेडफोनमध्ये ते जमतं. हे सेटिंग 'बाबा' नावाने जतन करून ठेवलंय, म्हणजे माझ्याकडून काही बिघडलं तरी परत येता येतं. अ‍ॅपमधलं बाकी काही त्यांना शिकवलं नाही. यंत्रावरची आवाजाची बटणं कुठे आहेत ते बोटांना माहीत झालंय, तेवढं पुरतं.

गेल्या शनिवारी ते यमन ऐकत होते. अर्धा तास झाल्यावर हेडफोन न काढताच, नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले, "अगं, पंचमाची तार उतरलीये याची."

ही कॅसेट मी स्वतः उतरवली होती, किमान तीनदा ऐकली होती. त्यांच्या डोक्यावरून हेडफोन घेऊन परत लावून बघितलं. उतरली होती.