मुक्कामाच्या परवानगीचे हेलपाटे

रसाळगडावर झोलाईच्या देवळापाशी तंबू ठोकले, तरी वनखात्याचं ते कार्यालय माझ्या डोक्यातून जाईना.

मूळ बेत वेगळा होता. चिपळूणहून खेड, पुढे चोरवणे, नागेश्वरची गुहा, मग वासोटा किल्ला आणि रात्री वरच मुक्काम. डिसेंबर महिना, आम्ही आठ जण. हा भाग कोयना अभयारण्यातला, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला. परवानगी लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही.

पहिल्या दिवशी साहेब फिरतीवर. क्लार्कने अर्ज उलटसुलट पाहिला, पेपरवेटखाली सरकवला. "सोमवारी या." सोमवारी अर्ज त्याच पेपरवेटखाली! आता म्हणे आठही जणांच्या आधारच्या झेरॉक्स हव्यात, सह्यांसकट. त्यातले दोघं पुण्याला, एक मुंबईला. सगळं गोळा करून गुरुवारी पुन्हा रजा टाकून गेले. साहेबांनी विषयाची ओळ वाचली आणि म्हणाले, "मॅडम, अभयारण्यात रात्री राहता येत नाही. अंधाराच्या आत बाहेर पडावं लागतं."

नियम योग्यच आहे, रात्री रान जनावरांचंच असायला हवं. पण 'मुक्काम' हा शब्द मी विषयातच लिहिला होता, खाली रेघ मारून. पहिल्या दिवशी कुणी तेवढी एक ओळ वाचली असती, तर दोन रजा वाचल्या असत्या. अजून राग येतो.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी तोंडी विचारून घ्या, रात्री राहता येतं का. आणि अर्ज दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका. मी घेतली नव्हती.

मग खेड तालुक्यातलेच रसाळगड, सुमारगड, महिपतगड ठरले. पहिली रात्र झोलाईपाशी, दुसरी महिपतगडावर पारेश्वराच्या देवळात. सगळं छान झालं. फक्त सुमारगडाची वाट रानात फसवते, गावातून वाटाड्या घ्याच. आमचे दादा कोयत्याने कारवी तोडत पुढे, आम्ही मागे. पाणी रसाळगडावरच भरून घ्या, मधल्या रानात भरवसा नाही.

हो, रेल्वेने येणाऱ्यांनी शेगडीचा गॅस आणू नये, ज्वालाग्राही सामानाला बंदी आहे. आम्ही तीन दगडांची चूल मांडली, निघताना राखेवर पाणी ओतलं.

नागेश्वर आता फेब्रुवारीत, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. अर्ज दिलाय, आणि या वेळी पोच माझ्या पर्समध्ये आहे.