पहिला स्नोबोर्ड: उद्यमबागेतून गुलमर्गपर्यंत

फेब्रुवारीतली संध्याकाळ. बेळगाव स्टेशनवर गोवा एक्स्प्रेसची वाट बघत उभे होतो. काश्मीरमधल्या गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला निघालो होतो, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायचं. काका सोडायला आले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, आणि नोकरीत असताना गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळ्यातलं प्रशिक्षण घेतलेले. गाडी लागली तेव्हा एवढंच म्हणाले, "मोजे एकच जोड घाल. थंडी वाजते म्हणून दोन घातलास की पाय बुटात मरतो बघ."

सोबत निपाणीचा दोस्त होता. आमची जोडी कुठेही उठून दिसते. मी 182 सेंटिमीटर उंच आणि वजन 62 किलो, तो 165 सेंटिमीटर आणि 84 किलो. ही मापं मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

दोन रात्री गाडीत, दिल्लीहून विमानाने श्रीनगर, तिथून तंगमर्ग. तंगमर्गच्या पुढच्या चढावर बर्फ पडलेला असला की चाकांना साखळ्या बांधून गाड्या वर जातात. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. खानापूरच्या जंगलात पावसाळ्यात मुरलेल्या माणसालाही तिथली पहिली सकाळ गप्प करते.

स्नोबोर्ड भाड्याने देणाऱ्या एका दुकानात पोराने बोर्ड उभा करून आमच्या अंगाला लावून बघितला. हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये टोक आलं की माप बरोबर. मला 163 सेंटिमीटरचा मिळाला, दोस्ताला 150 चा. आम्हाला काहीच कळत नव्हतं, घेतले आणि निघालो.

पहिला दिवस मी जवळजवळ पूर्ण बर्फात बसून काढला. बोर्ड वळायलाच तयार नव्हता. टाचेकडच्या कडेवरून बोटांकडच्या कडेवर जायचं म्हटलं की मधेच उताराकडची कड बर्फात अडकायची आणि मी तोंडावर. दोस्ताचं उलटं. त्याचा बोर्ड पायाखालून निसटायचा, जरा वेग आला की थरथरायचा आणि मऊ बर्फात पुढचं टोक खाली बसायचं. संध्याकाळी मनगटं सुजली होती. हेल्मेटबरोबर मनगटाचे गार्ड पहिल्याच दिवशी मागून घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

दुसऱ्या सकाळी आम्ही शिकवणारा माणूस ठरवला. तंगमर्गचाच होता. त्याने आमच्याकडे बघितलं, बोर्डांकडे बघितलं आणि विचारलं, "वज़न कितना है?" उंचीबद्दल एक शब्द नाही. आकडे ऐकले आणि आम्हाला बोर्ड बदलायला लावले. माझा दोस्ताला, त्याचा मला. दोघांचं पाऊल 27 सेंटिमीटरचं, त्यामुळे बूट बोर्डाला जखडणारी पकड, म्हणजे बाइंडिंग, तीच चालली. फक्त स्क्रू ढिले करून माझ्या दोन पायांतलं अंतर थोडं वाढवलं.

अर्ध्या तासात मी वळलो! डावीकडे, मग उजवीकडे, आणि न पडता थांबलो. खाली बघतो तर दोस्त त्या 163 वर शांतपणे उतरत होता.

मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे कारण डोक्यात लगेच बसलं. बोर्ड म्हणजे ट्रकचा कमानपाटा. रिकाम्या ट्रकचा पाटा वाकत नाही, गाडी उडत जाते. जास्त भरला की पाटा बसतो. माझ्या 62 किलोला 163 चा बोर्ड वाकतच नव्हता, आणि न वाकलेला बोर्ड वळणार कसा? म्हणून कंपन्या प्रत्येक लांबीपुढे वजनाची मर्यादा देतात, ती आधी बघायची. हनुवटी-नाकाचं माप अगदीच टाकाऊ नाही, पण ते मध्यम बांध्याच्या माणसापुरतं. शिकाऊ माणसाने आपल्या वजनात बसणाऱ्या लांब्यांतली आखूड बाजूची लांबी घ्यावी, आणि बोर्ड मऊ, सहज वाकणारा असावा.

रुंदीचंही तसंच. बूट बाइंडिंगमध्ये बसवल्यावर पुढे-मागे एक-दीड सेंटिमीटर बाहेर आला तर ठीक. त्याहून जास्त आला की वळताना बर्फाला घासतो, आणि बोर्ड फार रुंद असला तर तो कडेवर यायला उशीर लावतो. पाऊल 29 सेंटिमीटरच्या आसपास किंवा मोठं असेल तर 'वाइड' बोर्ड मागा. बाजूने बघितल्यावर मधे कमानीसारखा उचललेला बोर्ड बर्फ घट्ट धरतो, पण शिकाऊ माणसाच्या चुका माफ करत नाही. सपाट किंवा टोकांकडे होडीसारखा वर गेलेला बोर्ड सुरुवातीला बरा. त्याची कड कमी अडकते.

पुढे कुठला पाय ठेवायचा, हे आमच्याकडच्या लोकांना बर्फाशिवायही कळेल. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातून मुद्दाम घसरत जाताना जो पाय आपोआप पुढे जातो, तोच.

परतायच्या आदल्या दिवशी मी एका शिकवणाऱ्याकडून 151 चा वापरलेला बोर्ड घेतला. डोळ्यासमोर आडवा धरून पीळ बघितला. कडेच्या पोलादी पट्टीवरून नख फिरवलं. वरवरचा गंज घासून जातो, पण पट्टी कुठे सुटली असेल तर तो बोर्ड सोडून द्यावा. तळावर एक लांब ओरखडा होता, पण आतलं लाकूड दिसत नव्हतं. चालेल म्हटलं.

बुटांना मात्र बोर्डापेक्षा जास्त वेळ दिला. चार जोड घालून बघितले, प्रत्येक दहा-दहा मिनिटं. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे अलगद टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागे यायला हवीत, आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. आतलं अस्तर वापराने सैल होतं, म्हणून नवा बूट आधीच ऐसपैस वाटत असेल तर तो मोठा आहे. बोर्ड भाड्याने घेऊन काम भागतं. पैसे मोजकेच असतील तर आधी बूट घ्या.

परतीच्या प्रवासात बोर्ड बर्थवर भिंतीच्या बाजूला आणि मी कुशीवर. पहाटे बेळगावला उतरलो तर काका फलाटावर हजर. बोर्डाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून एक बूट काढला, आत हात घालून टाचेची जागा चाचपली, मग विचारलं, "मोजे किती घातला होतास?"

"एकच जोड," मी म्हणालो.