आधी सॉरी कोणी म्हणायचं?

परवा तो व्हिडिओ परत बघितला, कितव्यांदा ते विचारू नका. ५ एप्रिल १९९३, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, कॉलेज बास्केटबॉलची फायनल, नॉर्थ कॅरोलिना ७३ मिशिगन ७१, शेवटचे काही सेकंद. मिशिगनचा ख्रिस वेबर रिबाउंड पकडतो, गडबडतो, सरळसरळ ट्रॅव्हल करतो (म्हणजे बॉलचा टप्पा न देताच पावलं टाकतो) पण रेफरीला दिसत नाही, मग एवढा धिप्पाड गडी स्वतःच बॉल घेऊन पळत सुटतो, स्वतःच्याच बेंचसमोर कोपऱ्यात दोघेजण त्याला घेरतात, आणि तो टाइमआउट मागतो. ११ सेकंद बाकी. आणि मिशिगनकडे टाइमआउट शिल्लकच नसतो. टेक्निकल फाउल, दोन फ्री थ्रो, वर बॉलपण समोरच्यांचाच. ७७-७१, विषय संपला. पोरगं २० वर्षांचं होतं हो.

मी बास्केटबॉलमधला जाणकार वगैरे अजिबात नाही. पण हा वेबर आणि मिशिगन युनिव्हर्सिटी यांच्यातलं जे काही झालं ते मला खेळापेक्षा जास्त धरून ठेवतं, कारण त्याचा सगळा बाज घरातल्या रुसव्यासारखा आहे. आधी सॉरी कोणी म्हणायचं, आधी फोन कोणी करायचा, यात वर्षं गेली. आणि तो टाइमआउट तर त्यातला सगळ्यात किरकोळ भाग, चूक होती, माणसाकडून होते, लोकांनी कधीच माफ करून टाकली. खरं लफडं नंतर बाहेर आलं.

थोडं मागे जाऊ. १९९१ मध्ये मिशिगनमध्ये पाच फ्रेशमन एकदम आले: वेबर, जेलेन रोझ, ज्युवान हॉवर्ड, जिमी किंग, रे जॅक्सन. फॅब फाइव्ह. पहिल्या वर्षाची पाच पोरं एकत्र कोर्टवर उतरवायची आणि थेट फायनलला न्यायची हे कोणी ऐकलेलं नव्हतं. गुडघ्यापर्यंतच्या ढगळ चड्ड्या, काळे मोजे, काळे बूट, तोंडाची बडबड, म्हाताऱ्या प्रेक्षकांना राग आणि तरुणांना वेड. १९९२ ला ड्यूककडून ७१-५१ असा सपाटून मार खाल्ला, पुढच्या वर्षी वर सांगितलेला किस्सा. एकही चॅम्पियनशिप नाही जिंकली, तरी त्या वर्षी कोण जिंकलं ते आठवायला लोकांना गूगल लागतं आणि हे पाच आठवायला लागत नाही.

आता एड मार्टिन. डेट्रॉइटमधला फोर्डचा रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, शहरातल्या शाळकरी बास्केटबॉलमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा, खेळाडूंच्या घरी केक घेऊन जाणारा काका टाइप माणूस. फक्त काकांचा साइड बिझनेस म्हणजे गाड्यांच्या कारखान्यांमधून चालणारा आकड्यांचा जुगार. तो पैसा पांढरा करायचा एक मार्ग म्हणजे उद्या करोडपती होणाऱ्या पोरांना आज उधार देणं, आणि कॉलेजच्या खेळाडूंनी असे पैसे घ्यायला तेव्हा बंदी होती. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार वेबर, मॉरिस टेलर, रॉबर्ट ट्रेलर आणि लुई बुलक या चौघांना मिळून ६,१६,००० डॉलर, त्यातले २,८०,००० एकट्या वेबरला. चौघांपैकी फॅब फाइव्हमधला फक्त वेबर, बाकी तिघं नंतरच्या बॅचचे, हे बरेच लोक विसरतात आणि पाचही जणांना एकाच टोपलीत टाकतात.

बाहेर कसं आलं तेही सांगण्यासारखं आहे. १९९६ मध्ये टेलरची एसयूव्ही उलटली, आत मिशिगन बघायला आलेला रिक्रूट मटीन क्लीव्ह्ज होता (तो नंतर मिशिगन स्टेटला गेला आणि २००० मध्ये त्यांना चॅम्पियनशिप जिंकून दिली, घ्या). तेव्हा कोणीतरी विचारलं की कॉलेजच्या पोराकडे एवढी महागडी गाडी आली कुठून, आणि धागा सुटत सुटत मार्टिनपर्यंत गेला. वेबर तेव्हा एनबीएमध्ये स्टार. ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, तो खोटं बोलला. २००२ मध्ये त्याच्यावर खटला दाखल झाला, फेब्रुवारी २००३ मध्ये मुख्य साक्षीदार मार्टिनच वारला, आणि जुलैमध्ये वेबरने कोर्टाच्या अवमानाचा गुन्हा कबूल केला, पुढे १ लाख डॉलर दंड. त्याने कबूल काय केलं तर १९९४ मध्ये मार्टिनला ३८ हजार डॉलरच्या आसपास परत दिले होते त्याबद्दल खोटं बोललो म्हणून. म्हणजे पैसे घेतल्याबद्दल नाही, परत केल्याबद्दल खोटं बोलून अडकला! हे वाचून मला हसावं की काय करावं कळलं नव्हतं.

युनिव्हर्सिटीने नोव्हेंबर २००२ मध्ये स्वतःच स्वतःला शिक्षा करून घेतली. १९९२ च्या फायनल फोरचे (शेवटच्या चार टीमचे) सामने आणि १९९२-९३ चा अख्खा सीझन रेकॉर्डमधून रद्द, मिशिगन बास्केटबॉलचं घर असलेल्या क्रिस्लर अरीनाच्या छताला लटकणारे त्या यशाचे बॅनर खाली, स्पर्धेतून मिळालेले साडेचार लाख डॉलरच्या आसपास परत, आणि २००२-०३ च्या टीमला सीझननंतरच्या स्पर्धांना बंदी. या शेवटच्या शिक्षेतली गंमत बघा, ती टीम म्हणजे वेबर खेळत होता तेव्हा शाळेत असलेली पोरं, त्यांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? बरं स्पर्धेचे पैसे परत केले ते ठीक, दुकानांमधून विकल्या गेलेल्या जर्सींचा हिशोब मात्र कोणी मागितला नाही.

मग २००३ मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, सांगितलं की या खेळाडूंशी संबंध तोडा. वेबरच्या बाबतीत १० वर्षं. अधिकृत शब्द काहीही असो, आपल्याकडे याला एकच शब्द आहे, वाळीत टाकणं. त्याच्याकडून देणगी घ्यायची नाही, त्याला मानाने बोलवायचं नाही, टीमच्या जवळ फिरकू द्यायचं नाही.

आणि इथेच मला ट्रेलर आठवतो. वेबरबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात, ट्रेलरबद्दल एक ओळ. मे २०११ मध्ये पोर्टो रिकोत तो वारला, ३४ वर्षांचा होता, बंदी संपायच्या आधीच गेला. त्याच्याशी समेट करायचा होता की नव्हता हा प्रश्नच उरला नाही. १० वर्षं हा आकडा कागदावर छान गोल दिसतो, पण ज्याने टाकला त्याने समोरचा माणूस १० वर्षं जगेलच असं गृहीत धरलेलं असतं.

बरं, मे २०१३ मध्ये वेबरची मुदत संपली. लोकांना वाटलं आता बँड वाजणार. काही नाही. मुदत संपणं म्हणजे दाराची कडी निघणं, दार उघडायला कोणीतरी उठावं लागतं ना. बॅनर परत लावणार नाही असं प्रेसिडेंट मेरी सू कोलमन यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बऱ्याच मिशिगनवाल्यांचं म्हणणं, त्याने आधी माफी मागावी. खुद्द जेलेन रोझचंपण तेच म्हणणं, आणि तो तर जिगरी दोस्त. वेबरचं वागणं असं की मी कशाबद्दल मागू, मी दंड भरला, १० वर्षं भोगली. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं म्हणूनच हा गुंता सुटत नव्हता.

त्याच्या आदल्याच महिन्यात, ८ एप्रिल २०१३ ला, अटलांटामध्ये मिशिगन परत फायनलला होतं, २० वर्षांनी. रोझने जाहीरपणे विनवलं की ये, आमच्यासोबत बस. चौघं एकत्र बसले. वेबर आला, पण वेगळा, वर एका खाजगी बॉक्समध्ये बसून मॅच बघितली. म्हणजे लग्नाला यायचं पण पंगतीला बसायचं नाही. मिशिगन ८२-७६ हरलं, लुईव्हिल जिंकलं. आणि आता ऐका, २०१८ मध्ये लुईव्हिलचं ते विजेतेपद त्यांच्या वेगळ्याच स्कँडलमुळे रद्द झालं. त्या फायनलमध्ये कागदोपत्री आता कोणी जिंकलेलंच नाही. रेकॉर्डमधून सामने पुसण्याचा हा उद्योग मला कधीच समजला नाही, बघणाऱ्या लाखो लोकांच्या डोक्यातून कसं पुसणार?

शेवटी फोडली कोणी कोंडी तर मिशिगनच्या (अमेरिकन) फुटबॉल टीमच्या कोचने. जिम हारबॉ, ज्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही. त्याने वेबरला मॅचसाठी ऑनररी कॅप्टन, म्हणजे नुसता मानाचा कॅप्टन, म्हणून बोलावलं आणि ३ नोव्हेंबर २०१८ ला, पेन स्टेटविरुद्धच्या मॅचला, वेबर मिशिगन स्टेडियममध्ये आला. लाखभर लोकांचं मैदान, उभं राहून टाळ्या. मिशिगन ४२-७ जिंकलं. ना वेबरने काही वाचून दाखवलं, ना युनिव्हर्सिटीने. दोघांमधलं कोणीच सॉरी म्हणालं नाही, तिसऱ्याने चहाला बोलावल्यासारखं बोलावलं आणि झालं. मला हे ढोंग वाटत नाही. लोक म्हणतात की हिशोब न करताच मिठी मारली, पण हिशोब करायला बसले असते तर अजून बसलेलेच असते.

आता लोक एक हमखास बोलतात, की हे सगळं आज झालं असतं तर गुन्हाच नसता. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची परवानगी, २०२५ पासून तर कॉलेजंच थेट पैसे देतात. अर्धं बरोबर आहे. जर्सीवर कमाई दुकानाची आणि पोराच्या खिशात काही नाही ही लबाडी होती, ती संपली, चांगलं झालं. पण जुगाराचा पैसा पांढरा करणं आजही गुन्हा आहे आणि ग्रँड ज्युरीसमोर खोटं बोलणंपण, त्यामुळे वेबरला एकदम संत करून टाकायची घाई मला पटत नाही.

यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) आणि त्यांचा फुटबॉलपटू रेजी बुश यांचं बघा, तिथे उलटं. त्याला अशाच पैशांच्या भानगडीत कायमचं तोडलं होतं २०१० मध्ये, हाइझमन ट्रॉफीपण (कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान) गेली. मग एनसीएएने नियम बदलून अशा बंदीला १० वर्षांची मर्यादा घातली, आणि बरोबर १० जून २०२० ला प्रेसिडेंट कॅरोल फोल्ट यांनी त्याला व्यवस्थित पत्र पाठवून वेलकम बॅक म्हटलं. एप्रिल २०२४ मध्ये ट्रॉफी परत मिळाली. आणि सप्टेंबरमध्ये त्याने यूएससीवरच केस टाकली, की माझ्या नावावर जे कमावलंत त्यातला माझा वाटा कुठाय. पत्रबित्र सगळं झालं, तरी हिशोब राहिलाच की. मला तर त्याचा रागही आला नाही, उलट म्हटलं चला, कोणीतरी विचारलं.

मिशिगनमध्ये पुढे २०१९ ला ज्युवान हॉवर्ड कोच म्हणून आला (२०२४ पर्यंत होता), पाचातला एक परत घरात. २०२१ मध्ये वेबर हॉल ऑफ फेममध्ये गेला. क्रिस्लरवरून उतरवलेले १९९२ आणि १९९३ चे बॅनर कॅम्पसवरच्या बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररीत ठेवले, फाडले नाहीत, जाळले नाहीत, नीट जपून ठेवले, हे मला फार मिशिगन-छाप वाटतं. वेबर परत आला तेव्हा ते त्याच्याबरोबर परत वर गेले नाहीत. आणि तो आला ते फुटबॉलच्या मैदानावर. ज्या कोर्टवर तो खेळला ते क्रिस्लर तिथून चालत जायच्या अंतरावर आहे.