लामीची व्हर्सायची मेजवानी : नक्कल कुठवर आली

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार यूजेन लामी याच्या मेजवानीच्या चित्राची माझी नक्कल निम्म्याच्या पुढे गेली. खांब, सज्जे, छताचा उतार हे सगळं उभं राहिलं. आता झुंबरं आणि माणसं, म्हणजे खरं काम.

प्रसंग २५ ऑगस्ट १८५५चा. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या ऑपेरागृहात रात्रीचं जेवण दिलं, आणि लामीने तो थाट जलरंगात उतरवला. राणीचा दरबार त्याला नवा नव्हता. १८४८मध्ये फ्रान्सचा राजा लुई-फिलिपची गादी गेल्यावर तो लंडनला गेला होता आणि बकिंगहॅम पॅलेसमधले बॉलचे, म्हणजे नाचाचे, समारंभ त्याने तिथे रंगवले होते.

हे चित्र कुणी करायला घेणार असेल तर एक सांगतो : आजचे फोटो समोर ठेवून रंग ठरवू नका. १७७०मध्ये, पुढे फ्रान्सची राणी झालेल्या मारी आंत्वानेतच्या लग्नाच्या वेळी, हे ऑपेरागृह सुरू झालं, तेव्हा लाकडावर संगमरवराचा भास देणारी रंगरंगोटी होती आणि जोडीला निळा. लुई-फिलिपच्या काळात ते सगळं लाल झालं. १९५७पर्यंतच्या डागडुजीत मूळ रूप परत आणलं, म्हणून आज निळं दिसतं. लामीच्या डोळ्यांपुढे मात्र लाल सभागृह होतं. मेणबत्त्यांच्या उजेडाला ती ऊब त्या लालाने दिली, असं मला ठामपणे वाटतं.

लालासाठी अलिझरीन घेतलाय, खाली यलो ओकरचा (मातकट पिवळ्याचा) पातळ वॉश, म्हणजे पाणीदार थर. अलिझरीन कागदात मुरतो, नंतर ओल्या ब्रशने धड उचलला जात नाही. त्यामुळे प्रत्येक झुंबराभोवतीचा उजेड आधीच राखायचा : कडा पाण्याने ओली करून लाल बाहेरून आत सोडायचा आणि राखलेल्या उजेडाला भिडण्याआधी थांबायचं. कागद ३०० जीएसएमचा, कॉटन, हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत. खरखरीत कागदावर सज्ज्यांची नक्षी तुटते.

ज्योती शेवटी, पांढऱ्या ग्वाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने. आपल्याकडे जलरंगात पांढरा म्हणजे कागदाचाच, असं शिकवतात आणि निसर्गचित्रात ते मलाही पटतं. पण शेकडो ज्योती कागद राखून काढायच्या तर वॉशचा ओघच मरतो.

माणसांच्या बाबतीत लामीचा मी भक्त झालोय. गर्दीतली बाई म्हणजे केसांचा गडद ठिपका, खांद्यावर गुलाबीसर ओला डाग आणि झग्याच्या घेराची एकच पुसट कड. तरी ती शेजाऱ्याकडे वळून बोलतेय हे कळतं! ते सगळं मानेच्या कलात आहे. म्हणून पेन्सिलीने चेहरे न काढता फक्त मानांचे कल आखून घेतलेत.

पुढे समोरची टेबलं, मग मधला सज्जा. ग्वाशमध्ये पिवळा किती मिसळावा यावर कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा. मी सध्या कॅडमियम यलोचा अगदी कण घालून एका तुकड्यावर पाहतोय.